पहिल्या पगाराआधीचा हप्ता

पहिल्या पगाराचे पेढे आपण अख्ख्या सोसायटीत वाटतो. पण त्या पगाराआधीचा महिना पोरांनी कसा काढला, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

खरं तर कर्जाची सुरुवात बऱ्याचदा तिथेच होते. मुलगी पदवी घेऊन पुण्याला निघते. वाकडला नाही तर हिंजवडीला तिघीचौघी मिळून फ्लॅट घेतात. घरमालकाला दोन-तीन महिन्यांचं डिपॉझिट, एजंटला एक महिन्याचं भाडं, गादी, बादली, ऑफिसात घालण्याजोगे चार बरे कपडे, डबेवाल्या मावशींना आगाऊ पैसे. आणि रुजू झाली वीस तारखेला, तर बऱ्याच कंपन्यांत त्या महिन्याचा पगार निघतच नाही. तो पुढच्या महिन्याच्या शेवटी एकदम होतो. म्हणजे महिना-सव्वा महिना हातात ऑफर लेटर आणि खात्यात खडखडाट.

आपण फोनवर विचारतो, "पैसे आहेत ना गं?" ती म्हणते, "आहेत आई." आपण हुश्श करतो. आपल्यालाही तेच ऐकायचं असतं. घरात धाकट्याची फी भरायची असते, आजींच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलेलं असतं. तिला हे सगळं ठाऊक असतं, म्हणूनच ती "आहेत" म्हणते.

मग मोबाइलवर एक ॲप सापडतं. आधार, पॅन, एक सेल्फी, आणि दहा मिनिटांत पंधरा हजार खात्यात. कुणापुढे तोंड वेंगाडावं लागत नाही. आपल्या पिढीला शेजारच्या काकांकडे उसने मागताना जीभ जड व्हायची, आणि त्या जडपणातच निम्म्या मागण्या विरून जायच्या. आता कुणाला विचारायचंच नसल्यामुळे ती गाळणीही गेली.

मला वाटतं, पोरं नोकरीला निघाली की नवा फोन घेऊन देण्याऐवजी या पहिल्या दोन महिन्यांचा खर्च त्यांच्यासोबत बसून लिहावा. डिपॉझिटचे पैसे आपण द्यायचे की नाही, दिले तर ते परत घ्यायचे की नाही, हे तेव्हाच बोलून टाकावं. रुजू होताना काही कंपन्या जागा बदलण्याचा खर्च देतात, पण तो मागावा लागतो. नवीन मुलांना हे मागायचं असतं, हेच माहीत नसतं.

आपल्याकडे पैशाचं बोलणं मुलांसमोर निघत नाही. ते स्वयंपाकघरात, हळू आवाजात, कुकरच्या शिट्टीच्या आडून होतं. मुलांच्या कानावर पडतात ती दोनच वाक्यं. "तुला काय करायचंय, तू अभ्यास कर" आणि "पैसे झाडाला लागतात का?" एवढ्या भांडवलावर ती बाहेर पडतात आणि दोन महिन्यांत त्यांना बँकेचा फोन येतो, "मॅडम, तुमच्यासाठी लाइफटाइम फ्री कार्ड प्री-अप्रूव्हड आहे." बाविसाव्या वर्षी कुणीतरी आपल्याला 'मॅडम' म्हणतं आणि लाखभर रुपयांचा विश्वास टाकतं. मूल हुरळून जाणार नाही तर काय!

आमच्या लेकीच्या कार्डाचं बिल आम्ही दोघींनी एकदा जेवणानंतर, ताटं बाजूला सारून वाचलं. टीव्हीचा हप्ता, प्रवासाची तिकिटं, मैत्रिणीच्या लग्नाचा आहेर, सगळं मिळून एकूण देय रक्कम जवळपास ४०,००० रुपये. आणि किमान देय रक्कम २,०००. बहुतेक कार्डांवर ही किमान रक्कम एकुणाच्या पाच टक्क्यांच्या आसपास असते. तिचं म्हणणं, दोन हजार भरले की या महिन्यापुरता प्रश्न मिटला. बँकही खूश, आपणही खूश.

मग पेन घेतलं. दरमहा साडेतीन टक्के व्याज. कार्डांचे दर याच्याच आगेमागे असतात. चाळीस हजारांवर झाले १,४००. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २५२. एकूण १,६५२. दोन हजार भरले तर मूळ कर्जातून कमी झाले फक्त ३४८ रुपये. तिने तो आकडा दोनदा तपासला. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवरही तपासला.

त्यात आणखी एक मेख आहे. बिल पूर्ण भरलं तर खरेदीवर पंचेचाळीस-पन्नास दिवसांपर्यंत व्याज लागत नाही. थकबाकी ठेवली की ती सवलतच जाते आणि नव्या खरेदीवर त्याच दिवसापासून व्याज चालू होतं, अगदी दुधाच्या पिशवीवरसुद्धा. एटीएममधून कार्डावर रोख काढली तर बिल वेळेत भरूनही उपयोग नाही. तिथे पहिल्या दिवसापासून व्याज, वर शुल्क. वर्षाचा हिशेब केला तर हा दर बेचाळीस टक्क्यांना जातो. गृहकर्ज घेताना पाव टक्क्यासाठी आपण चार बँका पालथ्या घालतो, आणि हे मात्र आपल्याच घरात, आपल्याच लेकराच्या खिशात असतं.

फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर फेड महिनोन् महिने, वर्षानुवर्षं लांबेल, असा इशारा बिलावर छापावा लागतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांत तसं स्पष्ट आहे. तो छापलेलाही असतो, पण बिल वाचतं कोण? आपण तरी कुठे वाचतो? मोबाइलवर आकडा येतो, आपण तो भरतो. म्हणून लेकराला एवढंच सांगा की बँकेच्या ॲपमध्ये ऑटोपे लावताना 'एकूण' आणि 'किमान' असे दोन पर्याय येतात, त्यातला 'एकूण' निवडलाय ना, ते एकदा उघडून बघ. बाकी उपदेश नाही केला तरी चालेल.

आता दिवाळीचं बोलते. नोकरीतली पहिली दिवाळी. लेक घरी येते ती आईला पैठणी, बाबांना स्मार्ट वॉच, आजीला मऊ चपला आणि घराला नवा फ्रिज घेऊन. आपले डोळे भरून येतात. शेजारच्या वहिनींना आपण फ्रिज मुद्दाम उघडून दाखवतो. ऋण काढून सण करू नये म्हणणारे आपण, "यातलं काय काय हप्त्यावर घेतलंस गं?" हे विचारायला मात्र धजत नाही. विचारलं तर तिच्या आनंदावर पाणी पडेल, असं वाटतं. पण तिच्या मनात काय चाललेलं असतं, ते बघा. इतकी वर्षं आईबाबांनी माझ्यासाठी केलं, आता मी कमावते हे दिसायला हवं. तिला ते लगेच, याच दिवाळीत दाखवायचं असतं. पगार तीस हजार आणि हप्ते अकरा हजारांचे, हे ती दाखवत नाही.

आणि त्या 'नो कॉस्ट' हप्त्यात कॉस्ट असतेच. प्रोसेसिंग फी, व्याजाच्या भागावरचा जीएसटी, आणि रोखीने घेतलं असतं तर मिळाली असती ती सूट. फार मोठी रक्कम नसेल, पण फुकट तर नक्कीच नाही.

ती सामान उतरवत असताना आपण हसून म्हणू शकतो, "पुढच्या वर्षी फक्त पैठणी आण. फ्रिजचं मी आणि बाबा बघतो." तिच्या खांद्यावरचं बरंच ओझं त्याने उतरेल.

शिक्षणकर्जाची गोष्ट वेगळी. त्या कागदावर सह्या दोघांच्या असतात, पण हिशेब एकाच्याच डोक्यात. कोर्स चालू असताना आणि त्यानंतर साधारण वर्षभर हप्ता भरावा लागत नाही, म्हणून घरात सगळे निवांत. व्याज मात्र निवांत नसतं. सहा लाख उचललेले असतील आणि दर दहा टक्के असेल, तर वर्षाला साठ हजार व्याज चढतं. सवलतीचा काळ संपला की ते मुद्दलात मिळवलं जातं आणि मग हप्ता ठरतो. जमत असेल तर त्या काळात निदान व्याज तरी भरत राहावं. पुढचा बोजा बराच हलका होतो.

पुढचं गणित तिच्यासमोरच मांडावं. सहा लाखांचं कर्ज दहा टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचं तर हप्ता साधारण ७,९०० रुपयांचा, आणि व्याजच साडेतीन लाखांच्या घरात जातं. तेच पाच वर्षांत फेडायचं तर हप्ता १२,७५० च्या आसपास, पण व्याज १ लाख ६५ हजार. पहिल्या नोकरीत पाच वर्षांचा हप्ता झेपणार नाही, हे मान्य. पण बदलत्या दराचं कर्ज मुदतीआधी फेडायला दंड लागत नाही, त्यामुळे बोनस आला की त्यात टाकता येतो. हे तिला माहीत असेल तर बोनसच्या दिवशी निदान दोन विचार येतील मनात.

"कर्जाचं आम्ही बघू" हे वाक्य आपण मायेने म्हणतो. मूल ते खरं मानतं. मग हप्ता सुरू होतो तेव्हा बाबा निवृत्तीला आलेले असतात आणि पोराने बाइक बुक केलेली असते. भांडण कुणाशी करायचं? हप्ता चुकला तर सहकर्जदार म्हणून आपल्याही सिबिलवर त्याची नोंद होते. तेव्हा पहिला पगार यायच्या आधीच ठरवावं, कोण किती भरणार. अगदी दोन हजार रुपये तिचे असले तरी ते तिच्याच खात्यातून जाऊ द्यावेत.

आता थोडं आपल्याकडेच बोट दाखवते. मूल नोकरीला लागलं की घरात कुणीतरी म्हणतंच, "तुला सहज कर्ज मिळेल." ताईचं लग्न असतं, गावच्या घरावर मजला चढवायचा असतो, बाबांना गाडी हवी असते. आपण "कर्ज काढ" असं म्हणत नाही, फक्त "मिळेल" म्हणतो. आणि आपली मुलं नाही म्हणायला शिकलेलीच नसतात, कारण शिकवलं कुणी? हप्ते बाबा भरणार, असं तोंडी ठरतं. चार महिने बाबा भरतात. मग दवाखाना निघतो, पाऊस दगा देतो, धंदा बसतो. बँक बाबांना ओळखत नाही. फोन लेकीलाच येतो, ऑफिसच्या मीटिंगमध्ये. पुढे तिला स्वतःसाठी घर घ्यायचं झालं, तर बँक आधी चालू हप्ते मोजते आणि मग किती कर्ज द्यायचं ते ठरवते.

अडचण खरी असेल तर मुलांनी हात द्यायलाच हवा, त्यात गैर काही नाही. पण मग वहीत लिहावं, कर्ज कशासाठी, हप्ता कोण भरणार, कधी संपणार. घरात लिखापढी कसली, असं म्हणणारे लोक पुढे सर्वांत जास्त रागावतात, असं मी तरी पाहिलंय.

जामीनकीचंही तेच. मामाला पतसंस्थेतून कर्ज हवं असतं आणि नोकरदार जामीनदार हवा असतो. "नुसती सही तर करायचीये." नुसती सही नसते. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. मामाला नाही म्हणणं बावीस वर्षांच्या पोराला शक्य नाही. ते आपण म्हणायचं, वाईटपणा आपण घ्यायचा. मित्राने "तुझ्या कार्डावर माझा फोन घे, हप्ते मी देतो" म्हटलं, तर पोराला खुशाल आपलं नाव पुढे करू द्यावं. "आई ओरडेल" हे निमित्त तिशीपर्यंत चालतं.

कर्ज देणाऱ्या ॲपची भीती मात्र खरीच आहे. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने २०२१ मध्ये पाहणी केली, तेव्हा अशी सुमारे ११०० ॲप आढळली. त्यातली ६०० बेकायदा होती. आठवडाभराच्या मुदतीचं कर्ज, हातात कमी पैसे, परतफेड जास्त, आणि उशीर झाला की फोनमधल्या सगळ्या नंबरांवर घाणेरडे मेसेज. कुणाकुणाचे फोटो बदलून नातेवाइकांना पाठवले गेले. तिथे अडकलेली मुलं घाबरतात ती पैशाला कमी. मामाच्या व्हॉट्सॲपवर काय जाईल, याच धास्तीने ती खचतात.

अधिकृत कर्जात पैसे थेट कर्जदाराच्या बँक खात्यात येतात, वार्षिक व्याज नि खर्च सांगणारं पत्रक आधी मिळतं, आणि ॲपला तुमचे संपर्क नि फोटो बघायची मुभा नसते. वसुलीचे फोनही सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाहीत. यातलं काही मोडत असेल तर स्क्रीनशॉट ठेवायचे आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करायचा. आणि एक आपल्यासाठी. सज्ञान मुलाने विनातारण कर्ज घेतलं असेल आणि आपली त्यावर सही नसेल, तर ते फेडायची जबाबदारी आपल्यावर येत नाही. फोनवरचा माणूस कितीही दरडावून बोलला तरी.

पण हे सगळं कळायला मुळात मुलाने आपल्याला सांगायला हवं ना? तिथेच घोडं अडतं. आपण दमून घरी आलेलो असतो, भाजी चिरायची असते, आणि फोनवर लेक म्हणते, "आई, थोडं बोलायचं होतं." आपल्या तोंडून पटकन निघतं, "तरी मी सांगत होते." किंवा त्याहून वाईट, "बाबांना कळता कामा नये." म्हणजे तिच्या एका गुपिताची दोन गुपितं झाली.

मुलं पहिल्यांदा निम्माच आकडा सांगतात. ती आपल्या आवाजावरून अंदाज घेत असतात की उरलेला सांगावा की नाही. म्हणून पहिल्या आकड्याला फार दचकू नये. "बरं. अजून कुठे काही आहे का? सगळं एका कागदावर लिहू," असं म्हणावं. मग कार्ड, ॲप, मैत्रिणीचे उसने, ऑफिसातल्या कुणाचे, हळूहळू सगळं बाहेर येतं.

ते आपण फेडावं का? यावर घरोघरी मतं वेगळी असतात. माझं विचाराल तर, बेचाळीस टक्क्यांचं कर्ज घरात असताना सात टक्क्यांची एफडी कुरवाळत बसण्यात अर्थ नाही. झेपत असेल तर कार्ड एकरकमी मोकळं करावं आणि तेवढ्याच रकमेचा हप्ता लेकीने घरात भरावा, ठरल्या तारखेला, कौतुक नाही नि टोमणाही नाही. मात्र बाबांच्या पीएफला हात लावू नये. आणि बँकेने "थोडे कमी भरा, सेटल करू" म्हटलं तर आधी विचार करावा. पूर्ण फेडून बंद झालेलं खातं आणि तडजोडीने मिटवलेलं खातं यांची नोंद वेगवेगळी होते, आणि तडजोडीची नोंद पुढची कित्येक वर्षं दिसत राहते.

ज्यांची मुलं अजून यात शिरलेली नाहीत, त्यांना वीस-पंचवीस हजारांच्या एफडीवर मिळणारं कार्ड बरं पडतं. मर्यादा एफडीपेक्षा जास्त नसते, त्यामुळे चुकून चुकून किती चुकणार! मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत वापरायचं, वेळेत पूर्ण भरायचं. वर्षभरात सिबिल स्कोअर तयार होतो. तो ३०० ते ९०० मध्ये असतो, ७५० च्या वर असला की बँका नीट बोलतात.

सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल फुकट मिळतो. दर वाढदिवसाला तो काढायचा, असं आमच्या लेकीने ठरवलंय. स्वतःचा काढून झाल्यावर तिने आमचेही काढले. बाबांच्या नावावर एक कार्ड निघालं, कुठल्याशा मॉलमध्ये बॅग फुकट मिळते म्हणून घेतलेलं आणि घरात सगळेच विसरलेलं. थकबाकी नसेल तर अर्ज दिल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला बँकेने ५०० रुपये द्यायचे, हा नियम आता लेकच बाबांना समजावून सांगते. बाबांनी अर्ज अजून केलेला नाही. "शोधतो ते कार्ड, कपाटातच असेल," म्हणतात.